कोकोशेवोची मिशीवाली सुईण

आमच्या कोकोशेवोत सुईणीच्या दिवशी बायकांचं राज्य असतं. ऐन जानेवारी, गुडघाभर बर्फ, आणि पुरुष घरात नाहीतर गुत्त्यात कोंडलेले. चौकात एखादा सापडलाच तर आधी त्याची टोपी जाते. टोपी सोडवायला वाइनची सुरई द्यावी लागते, आणि तीही नसेल तर विजार जाते. सरपंच असो नाहीतर पाद्री, कुणाला सूट नाही. एका वर्षी विजेचं मीटर बघायला शहरातून एक माणूस आला होता, बिचाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्याची बायको त्याच्यासाठी दुसरी विजार घेऊन आली, आणि मग तीही आमच्यातच बसली.

अडचण एकच होती. सण होता, सुईण नव्हती. म्हातारी त्रेंदाफिला गेली आणि तिच्यानंतर गावात बाळंतपणं करणारी कुणी उरलीच नाही. तसं बाळंत होणारीही उरली नव्हती म्हणा. तरणी पोरं जर्मनीत, त्यांची पोरं तिकडंच. इतकी वर्षं आम्ही खुर्चीवर कुणालातरी बसवायचो, गळ्यात सुक्या मिरच्यांची माळ घालायचो आणि तिचे हात धुवायचो. गेल्या खेपेला जिला बसवली तिनं फक्त एका शेळीचं बाळंतपण केलं होतं. करडं दोन झाली म्हणून तिचा नंबर लागला.

आणि मग जूनमध्ये, चेरी उतरवायच्या दिवसांत, गावच्या हद्दीत चक्क एक खरं मूल जन्माला आलं. गेर्गिना आजीची सून नेवेना, तिची मुलगी कालिना. नवरा ट्रक घेऊन युरोपभर फिरतो, नेवेना प्लोवदिवची शहरातली पोरगी, पण सासूजवळ राहायला इथं आली. पोटात दुखायला लागल्यावर ती सकाळच्या बसनं दवाखान्यात निघाली, आणि अक्रोडाच्या वळणावर रस्त्यात मेंढ्या आल्या. मेंढ्यांना घाई नव्हती. कालिनाला होती.

बस चालवत होता हरालाम्पी. पन्नाशी उलटलेला, बिनलग्नाचा, आई होती तोवर आईबरोबर राहणारा आणि आई गेल्यावर आईच्या खुर्चीबरोबर राहणारा. मिशी अशी की आधी मिशी दारातून आत येते, मग तो. त्यानं बस थांबवली, आत चेरीच्या पेट्या घेऊन बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना मेंढ्या मोजायला खाली उतरवलं, फोनवर दवाखान्यातल्या बाईचं ऐकत ऐकत कालिनाला जगात आणलं आणि डिकीतल्या आपल्या धुतलेल्या शर्टात गुंडाळलं. मग स्टिअरिंगमागं बसून निघाला. नियम म्हणजे नियम, म्हणून दवाखान्यापर्यंतच्या प्रत्येक स्टॉपवर थांबला, दार उघडलं, बंद केलं. एका स्टॉपवर एक माणूस चढायला आला, आतलं रडणं ऐकून म्हणाला मी पुढच्यानं येतो.

एवढं चांगलं काम केल्यावर गावानं त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. बायकांनी घेतलं. पण पुरुषांनी त्याचं जे केलं ते सांगायला नको. गुत्तेवाला मिन्चो हा त्यातला म्होरक्या. हरालाम्पी संध्याकाळी फळांची राकिया प्यायला गेला की त्याच्या खुर्चीवर एप्रन घातलेला असायचा. कुणाच्या पोटात गॅस झाला की आधी त्याला बोलवायचे, किती महिने झाले बघून सांग म्हणायचे. मिन्चोची गाय व्याली तेव्हा रात्री माणूस पाठवला, सुईणबाईंना म्हणावं गरम पाणी तयार आहे. हरालाम्पी हसून घ्यायचा. मग हसायचा बंद झाला. मग गुत्त्यात यायचाच बंद झाला.

आणि त्याचा राग निघाला तो कुणावर, तर नेवेनावर. राग म्हणायचा की लाज, तोच जाणे. ती दर महिन्याला बाळाला टोचून आणायला बसनं जायची. त्यानं कधी मान वळवून बघितलं नाही. ती म्हणायची काका, बघा तरी, केवढी झालीय. तो म्हणायचा, पायरी सांभाळून. ती उतरायची तेव्हा तो रस्त्याकडं असा बघत राहायचा, जणू रस्ता पळून जाणार आहे. नेवेना घरी येऊन रडायची. शहरातली असली तरी तिच्या मनानं एक घेतलं होतं: सुईणीच्या दिवशी आईनं सुईणीचे हात धुवायचे असतात, तर ते ती धुणार, आणि जे बोलायचं ते त्या वेळी बोलणार. पहिल्याच वर्षी धुवायचे असतात, पुढच्या वर्षी धुवून उपयोग नाही, असं सासूनं सांगितलं होतं. तिनं टॉवेलावर लाल दोऱ्यानं कोंबडे भरले, लोकरीचे मोजे विणले, बिनवापरलेला साबण आणून ठेवला. त्याच्या पायाचं माप तिनं कुठून मिळवलं विचारू नका. बर्फातल्या बुटाच्या ठशात हात घालून बसली होती एवढं मला माहीत आहे.

आदल्या दिवशी गेर्गिना आजीनं हरालाम्पीला निरोप पाठवला की उद्या सकाळी गाढवाची गाडी सजवून न्यायला येतोय, दाढी करून बस. हरालाम्पीला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. गाडीत बसायचं, गळ्यात मिरच्या घालायच्या, आणि गुत्त्याच्या खिडकीसमोरून पाणवठ्यावर जायचं? खिडकीत मिन्चो असणार. आणि मिन्चो ते मरेपर्यंत सांगणार, आणि मेल्यावर थडग्यावर कोरून घेणार.

त्यानं ठरवलं, पलीकडच्या गावात बहिणीकडं पळायचं. पण वाट चौकातून, आणि चौकात त्या दिवशी पुरुषानं पाय ठेवायची सोय नाही. बराच विचार करून त्यानं आईची पेटी उघडली. आईचा काळा कोट, आईचा घागरा, आतून स्वतःच्या दोन लोकरी विजारी, डोक्याला रुमाल. मिशी काही केल्या लपेना. कापायची तर त्याची छाती होईना. मग त्यानं रुमाल दात दुखणाऱ्या माणसासारखा हनुवटीवरून वर बांधला, मिशीवर शाल ओढली, आणि मागच्या दारानं निघाला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

आम्ही पुढच्या दारावर पोहोचलो तर घर रिकामं. चूल गरम होती, मांजर होतं, माणूस नव्हता. नेवेना टॉवेल छातीशी धरून गाडीत बसली. गेर्गिना आजी मात्र बोलली, आणि जे बोलली त्यात हरालाम्पीच्या मागच्या चार पिढ्या आल्या.

परत येताना चौकात एक उंच बाई भिंतीला धरून चाललेली दिसली. मिन्चोची बायको सेव्दा गाडीवरून उतरून तिच्या आडवी गेली. सेव्दा सकाळपासून तीन घरी राकिया चाखून आली होती. तिनं विचारलं, मावशी, कुठल्या गावच्या? मावशीनं गालावर हात ठेवला आणि हूं केलं. सेव्दा म्हणाली, दात का? मावशीनं मान हलवली. आजच्या दिवशी एकटीनं हिंडायचं नाही, चल आमच्याबरोबर, दाताला औषध आहे, असं म्हणून सेव्दानं तिला दंडाला धरून वाचनालयाच्या हॉलमध्ये आणली. शाल ओढून काढली तर खाली ही मिशी.

आता इथं एक सांगायला हवं. त्या दिवशी आम्ही निम्म्या बायका पुरुष झालेल्या असतो. नवऱ्याची टोपी, नवऱ्याची विजार, आणि चुलीतल्या काजळीनं काढलेल्या मिशा. माझी स्वतःची मिशी त्या दिवशी कानापर्यंत होती. त्यामुळं मावशीची मिशी बघून कुणीही किंचाळलं नाही. सगळ्या जवळ येऊन कौतुक करायला लागल्या. कसली काजळी वापरलीत, डुकराची चरबी मिसळली का, केस कुठून चिकटवलेत. एकीनं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, किती बेमालूम. फक्त शिक्षिका राहिलेल्या रोझालिया बाई म्हणाल्या की जरा अतीच झालीय, खरी मिशी एवढी मोठी नसते.

दाताला राकिया दिली. मावशीनं हूं केलं. त्याचा अर्थ नको असा होता, आम्ही आणखी असा घेतला. दुसरी दिली. मग कुणीतरी म्हणालं की डाव्या बाजूचा असेल तर उजव्या बाजूनंही घ्यावी लागते. मावशीचे डोळे हळूहळू तरंगायला लागले. तिला चीज भरलेली बानित्सा भरवली, कोंबडीची तंगडी दिली, दात दुखत असूनही तिनं तीन तंगड्या खाल्ल्या. गाणी सुरू झाली. त्या दिवशीची गाणी कशी असतात ते मी इथं लिहिणार नाही. मावशीचे कान रुमालाबाहेर जेवढे होते तेवढे लाल झाले.

तिकडं नेवेना कोपऱ्यात तशीच बसून होती. कालिना तिच्या मांडीवर मक्याची लाही चोखत होती. गेर्गिना आजीला सुनेचा चेहरा बघवेना. ती काठी आपटून म्हणाली की हात धुतल्याशिवाय दिवस मावळू द्यायचा नाही. हरालाम्पी पळाला तर पळाला, त्याच्या जागी कुणालातरी बसवू, आणि तो समजून धुऊ. सगळ्यांच्या माना एकदम मावशीकडं वळल्या. एवढी हुबेहूब मिशी गावात दुसरी नव्हती.

मावशी दाराकडं सरकली. आठ हातांनी तिला खुर्चीवर बसवलं. गळ्यात सुक्या मिरच्यांची, लसणाची आणि लाह्यांची माळ घातली. सेव्दानं आपल्या नवऱ्याची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

"छे," ती म्हणाली. "हरालाम्पी असा बसत नाही. त्याचं बसणं म्हणजे जणू कुणीतरी पाठीतून गज घातलाय. ताठ बस की गं."

मावशी ताठ बसली. सेव्दाला ते पटेना. मग तिला चालून दाखवायला सांगितलं. तिनं चार पावलं टाकली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, म्हणाल्या हे काय हरालाम्पीचं चालणं झालं, हे तर बदकाचं. तो पाय असे टाकतो, खांदे असे उडवतो. रोझालिया बाईंनी स्वतः करून दाखवलं. मावशीनं पुन्हा केलं. पुन्हा नापास. हरालाम्पीला हरालाम्पी होणं त्या दुपारी काही जमलं नाही.

मग पितळी घंगाळ आलं, कोमट पाणी आलं, त्यात वाळलेली तुळस टाकली. नेवेना पोर सासूकडं देऊन समोर गुडघ्यावर बसली. तिनं मावशीचे हात पाण्यात घेतले, साबण लावला. हात मोठे होते, तळव्यांना स्टिअरिंगचे घट्टे. ती खाली बघत होती. घट्टे तिला जाणवले की नाही, मला सांगता येणार नाही. आमच्याकडं सगळ्यांच्याच हातांना घट्टे असतात.

"मी हे त्यालाच सांगणार होते," ती म्हणाली. "आता तुम्ही ऐका, मावशी. मी त्या दिवशी त्याला इतक्या शिव्या घातल्या, त्याच्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. आणि तो आपला म्हणत होता, हात धर, माझा हात धर, मोडला तरी चालेल, गाडी मी एका हातानंही चालवतो. माझी स्वतःची आई असती तरी एवढं केलं नसतं. आणि त्यानंतर त्यानं माझ्या पोरीकडं एकदाही बघितलं नाही. मला वाटतं त्याला आमची घाण वाटली."

साबणाचा फेस खाली ओघळला. मावशीनं हात मागं घेतला नाही. आणि मग रुमालाच्या आतून एक जाडाभरडा आवाज आला.

"घाण नाही वाटली, पोरी. भीती वाटली. लोक हसतात त्याची."

हॉल एकदम टाळ्यांनी दणाणला. सेव्दा तर बाकावर चढली. आता जमलं, म्हणाली, अगदी तस्साच आवाज, पुन्हा म्हण. फक्त नेवेनाच्या हातातला साबण तसाच राहिला. तिनं वर बघितलं, आणि बघतच राहिली.

गेर्गिना आजीला कमी ऐकू येतं, त्यामुळं तिचं लक्ष पुढच्या कामावर होतं. पुढचं काम म्हणजे सुईणीच्या हातात बाळ द्यायचं. पण काजळीच्या तोंडाजवळ ती आपल्या नातीला नेऊ देईना. तिनं टॉवेलाचं टोक साबणात बुडवलं, मावशीची मान पकडली आणि मिशी घासायला लागली. मिशी जाईना. तिनं पुन्हा साबण घेतला. मावशीचे डोळे भरून आले. पक्की काजळी आहे, आजी म्हणाली, वाळू आणा गं कुणीतरी. वाळू आणायला दोघी पळाल्या. वरचा ओठ टोमॅटोसारखा झाला होता.

"आई, थांबा," नेवेना म्हणाली. "घासू नका. ती खरी आहे."

एवढी शांतता आमच्या हॉलमध्ये मतमोजणीच्या वेळीही झाली नव्हती. मग एकदम गोंधळ. सेव्दा ओरडली पुरुष, पुरुष, आणि नियमाप्रमाणे विजार काढायला धावली. घागरा वर केला तर खाली विजार, ती ओढली तर खाली आणखी विजार. तिथं तिचा धीर सुटला. रोझालिया बाई म्हणाल्या की नियमात घागऱ्याचा उल्लेखच नाही. एकजण म्हणाली टोपी घ्या. टोपी मिन्चोची, ती घेऊन दंड मिन्चोला करायचा की काय, यावर दोन तट पडले. कुणी म्हणालं, यानं सगळी गाणी ऐकली. मग सगळ्या आपापल्या गाण्यांची आठवण काढून गप्प झाल्या.

हरालाम्पी उठून उभा राहिला. गळ्यातल्या मिरच्या खुळखुळल्या. तो म्हणाला की बायांनो, चुकलं, मी जातो, दंड उद्या आणून देतो. राकियामुळं तो हे भिंतीवरच्या आरशाकडं तोंड करून म्हणाला.

गेर्गिना आजीनं त्याला काठीनं परत खुर्चीत बसवलं.

"पुरुष तू दाराबाहेर," ती म्हणाली. "या खुर्चीत बसला तो माणूस सुईण. मला मिशी दिसत नाही, मला काय दिसतं ते मला विचार. माझी नात दिसते. धर."

आणि तिनं कालिनाला त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं पोरीला असं धरलं होतं जणू कुणाचीतरी काचेची बरणी सांभाळायला दिलीय. कालिनानं लाही बाजूला टाकली आणि मिरचीला हात घातला. त्यानं मिरची हळूच सोडवून घेतली.

"तिखट आहे," तो तिला म्हणाला. मग नेवेनाकडं न बघता म्हणाला, "तिसरा दात वरचा येतोय ना? गेल्या मंगळवारी कडेवर रडत होती तेव्हा वाटलं."

नेवेना म्हणाली, तुम्ही तर कधी बघतच नव्हता.

"वरच्या आरशात बघायचो," हरालाम्पी म्हणाला. "तो आरसा मी जरा वाकडा केलाय. मागचं ट्रॅफिक दिसत नाही त्यात आता. पण मागं ट्रॅफिक असतं कुठं."

नेवेनानं त्याचे हात कोंबड्यांच्या टॉवेलानं पुसले. मोजे पायात घातले, तेही स्वतःच्या हातानं. एक बोट मोठे झाले होते, पण आत दोन विजारींचे पाय कोंबलेले असल्यानं बरोबर बसले. मग आमच्यातल्या बऱ्याच जणी नाक शिंकरत होत्या. सेव्दा म्हणाली तिला मिरची लागली.

राहिला पाणवठा. सुईणीला गाडीत बसवून तिथं न्यायचं आणि अंगावर पाणी उडवायचं, म्हणजे वर्ष चांगलं जातं. गेर्गिना आजीला दया आली असावी. तिनं विचारलं, गाडीवर गोधडी टाकू का, आत झोपून चल, मिन्चोच्या खिडकीतून कुणाला दिसणार नाही. हरालाम्पीनं थोडा वेळ कालिनाकडं बघितलं. मग त्यानं हनुवटीखालची गाठ सोडली, आईचा रुमाल काढून घडी केली, खिशात ठेवला, मिशी दोन्ही बाजूंनी वर वळवली आणि गाडीत पुढं जाऊन बसला. पोर मांडीवर. पाठीत गज घातल्यासारखा ताठ. आत्ता कुठं तो अगदी हरालाम्पीसारखा बसला होता.

गुत्त्याच्या खिडकीत सगळे पुरुष पडदा धरून उभे होते. गाडी समोरून गेली तेव्हा पडदाच खाली आला, इतक्या जणांनी तो ओढला. मिन्चोचं तोंड काचेला चिकटलं होतं. हरालाम्पीनं त्याच्याकडं बघून मान लववली, जशी तो चढणाऱ्या उतारूंकडं बघून लववतो. पाणवठ्यावर बर्फ फोडायला लागला, गाढव घसरलं, गाडी तिरकी झाली, आणि सुईणीऐवजी सेव्दाच पाण्यात पडली. पण पाणी उडालं सगळ्यांवर, आणि आजीनं तेवढं पुरे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरालाम्पी कित्येक महिन्यांनी गुत्त्यात गेला. खुर्चीवर एप्रन नव्हता. खुर्ची पुसून ठेवली होती. मिन्चोनं न मागता राकिया आणली, बरोबर लोणच्याची बशी, जी तो स्वतःच्या भावालाही देत नाही. सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. त्यांच्या बापांना, आजोबांना, कुणालाही जे कधी कळलं नव्हतं ते या एका माणसानं डोळ्यांनी बघितलं होतं. मिन्चोनं हळूच विचारलं की आत असतं तरी काय. गाणी कसली म्हणतात. आणि सेव्दा, म्हणजे त्याची बायको, ती तिथं नक्की करते काय.

हरालाम्पीनं राकिया संपवली. दुसरी आली, तीही संपवली.

"ते पुरुषांना सांगायचं नसतं," तो म्हणाला.

त्यांनी विनवण्या केल्या. मिन्चो म्हणाला, अरे निदान खायला काय होतं तेवढं तरी सांग, मित्रा, इतकी वर्षं मी त्या दिवशी शिळा पाव खातोय.

हरालाम्पीनं बराच विचार केला. मिशी पुसली.

"बानित्सा होती," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारातून सेव्दानं खोकल्यासारखं केलं. हरालाम्पीनं तिकडं बघितलं, तोंड मिटलं आणि लोणच्याची बशी जवळ ओढली.